गज काढायचे की मोजायचे?

काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाचे नकाशे आमच्या कार्यालयात चालू होते. तळमजला अधिक चार मजले, आणि जवळपास तीनशे खिडक्या. नकाशे सादर करायला दोन दिवस उरले असताना रात्री दहाच्या सुमारास एका तरुण सहकारी मुलीने मला विचारले, "सर, खोल्यांमधली सिल ९०० ऐवजी ६०० वर घेऊ या का? पलंग खिडकीला लागून आहेत. झोपलेल्या मुलीला वारा लागायचा तर सिल खाली हवी."

सूचना अचूक होती. लिंटेल २१०० मिलिमीटरवर तसेच ठेवायचे आणि सिल ३०० ने उतरवायची. खिडकीची उंची १२०० ची १५०० होणार. बाहेरून गजांचे ग्रिल असल्यामुळे कोणी पडण्याची भीती नव्हती. मी म्हटले, "करून बघ." तिने आकडा बदलला आणि पडद्यावरचे चक्र फिरू लागले. आम्ही चहा घेऊन आलो तरी ते फिरतच होते. शेवटी प्रोग्रॅम बंद पडला. दुसऱ्या खेपेला तिने एकाच मजल्यावर बदल करून पाहिला. तो झाला, पण निम्म्या खिडक्यांचे ग्रिल चौकटीच्या बाहेर गेले. बारा वाजता मी म्हणालो, "राहू दे. ९०० च ठेव."

इमारत ९०० च्या सिलने बांधली गेली. पुढे एका एप्रिलमध्ये तिथे जाणे झाले, तेव्हा बऱ्याच खोल्यांतून पलंगांच्या पायांखाली विटा घातलेल्या दिसल्या. कारण विचारले. एक मुलगी म्हणाली, "वारा लागतो, सर."

ती खिडकी, म्हणजे संगणकातला खिडकीचा तो घटक, मीच तयार केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. अशा घटकांच्या संथपणाबद्दल आमच्या व्यवसायात जे बोलले जाते ते बहुधा यंत्राबद्दल असते : संगणक जुना झाला, मेमरी वाढवा, सॉफ्टवेअर कंपनी काही करत नाही. या तक्रारींत तथ्य आहे. पण पुस्तक वाचवत नसेल तर आपण दर वेळी छापखान्याला दोष देत नाही, लेखनाकडेही पाहतो. संगणकातला घटक हेही एक लेखन आहे. त्याला कर्ता असतो, त्यात निवड असते, आणि जे निवडायचे टाळले त्याची किंमत असते. त्या लेखनाची समीक्षा करावी, आणि सुरुवात स्वतःच्या खिडकीपासून करावी, असा या लेखाचा हेतू आहे.

मूळ आकृती आणि तिच्या प्रती

इमारतीचा नकाशा पूर्वी रेषांचा असे. खिडकी मोठी करायची तर चार रेषा पुसून पुन्हा काढायच्या. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये खिडकी ही एक वस्तू असते. तिला स्वतःची रुंदी, उंची, सिलची पातळी, चौकटीची जाडी ठाऊक असते आणि ही मापे एकमेकांशी सूत्रांनी बांधलेली असतात. बदलता येणाऱ्या अशा प्रत्येक मापाला पॅरामीटर म्हणतात आणि अशा मापांनी घडलेल्या वस्तूला पॅरामेट्रिक घटक. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे नाव 'फॅमिली', आर्किकॅडमध्ये 'ऑब्जेक्ट'.

या कल्पनेचे मूळ आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रबंधात आहे. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीने आकृती काढायची, तिच्या हव्या तितक्या प्रती मांडायच्या, आणि मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलायच्या. शिवाय रेषांवर बंधने घालता येत : ही रेषा तिला समांतर, या दोन समान लांबीच्या. ही बंधने सोडवण्यासाठी सदरलँड यांनी दोन मार्ग ठेवले होते. एकामागून एक उत्तर काढत जाता येईल असा क्रम सापडला, तर एकाच फेरीत काम होई. असा क्रम न सापडल्यास प्रत्येक बिंदू थोडा थोडा हलवत, चूक पुरेशी कमी होईपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागत. पहिला मार्ग वेगाचा, दुसरा संथ. कोणता मार्ग वाट्याला येणार हे आकृती काढणाऱ्याने बंधने कशी घातली यावरही ठरे. म्हणजे आकृतीच्या कर्त्याकडे वेगाची काही जबाबदारी पहिल्या दिवसापासून होती.

पुढे हा विचार यंत्रांच्या आरेखनात रुजला. सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन स्थापन केली आणि तिच्या प्रो/इंजिनिअर या सॉफ्टवेअरने यंत्राचे भाग मापांच्या नात्यांतून घडवण्याची पद्धत रूढ केली. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या लिओनिड रेझ आणि अर्विन जंगराइस यांनी १९९७ मध्ये जी कंपनी काढली, तिने २००० साली रेव्हिट बाजारात आणले. 'लगेच सुधारा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग त्या नावात दडलेला आहे. २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली.

यंत्राकडून इमारतीकडे झालेल्या या प्रवासात एक फरक नजरेआड होतो. पंपाचे आवरण ही एकच, पण अवघड वस्तू असते. तिच्यात शंभर मापे गुंफली तरी ती एकदाच सोडवायची असतात. इमारतीत अवघड वस्तू थोड्या आणि सोप्या वस्तू शेकड्यांनी असतात : दारे, खिडक्या, कठड्यांचे खांब, दिवे. सोपी वस्तू अवघड करून ठेवली की तो अवघडपणा शेकड्यांनी गुणला जातो. मी नेमके हेच केले होते.

माझी खिडकी

आपल्याकडची साधी खिडकी घ्या. ॲल्युमिनियमची तीन ट्रॅकची सरकती खिडकी. दोन झडपे काचेची, एक डासांच्या जाळीचे. भोवती ग्रॅनाइटची चौकट, बाहेर लोखंडी गजांचे ग्रिल, वर छज्जा. परदेशी भिंती डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या तयार घटकांत यातले निम्मे नसते. म्हणून मी स्वतःची खिडकी केली, आणि एकदाच करतो आहोत तर तिच्यात सगळेच असू दे, असे ठरवले. कोणत्याही कामाला चालेल अशी ती खिडकी होती.

पहिली चूक मापांच्या मालकीची. पॅरामीटर दोन जातींचे असतात. काही एका प्रकारातल्या सगळ्या प्रतींना सामाईक, तर काही प्रत्येक प्रतीचे स्वतंत्र. सामाईक मापांची खिडकी संगणक एकदा घडवतो आणि तोच आकार पुन्हा पुन्हा मांडू शकतो. स्वतंत्र मापांची खिडकी मात्र प्रत्येक जागी वेगळी धरावी लागते. वसतिगृहात प्रत्यक्षात खिडक्यांच्या रुंदी पाचच होत्या. मी मात्र रुंदी, उंची आणि सिल ही तिन्ही मापे स्वतंत्र ठेवली होती. पाच आकारांचे काम मी तीनशे आकारांचे केले.

दुसरी चूक गजांची. ग्रिल हा खिडकीच्या पोटातला वेगळा घटक होता, आणि त्याच्या पोटात गज. दर १०० मिलिमीटरवर एक गज, आणि गजांची संख्या रुंदीवरून सूत्राने निघे. १५०० च्या खिडकीला चौदा. एक खिडकी चालवून पाहताना हे फार देखणे वाटे : रुंदी वाढवावी आणि नवा गज आपोआप उगवावा. पण संख्या बदलते तेव्हा संगणकाला नुसते माप ताणायचे नसते, वस्तू निर्माण करायच्या किंवा नष्ट करायच्या असतात. सरासरी चौदा गज धरले तरी तीनशे खिडक्यांचे ४,२०० गज झाले. आडव्या पट्ट्या वेगळ्याच, आणि उंची बदलली की त्यांचीही संख्या बदले. एवढे करून आमचे नकाशे १:१०० प्रमाणाचे. त्यांत १२ मिलिमीटरचा गज कागदावर दशांश मिलिमीटरच्या जेमतेम वर जातो. जे कोणाला दिसणार नव्हते ते मी ४,२०० वेळा काढून घेत होतो.

तिसरी चूक लपवण्याची. छज्जा हवा की नको, वर झरोका हवा की नको, पंख्यासाठी गोल भोक हवे की नको, असे हो-नाहीचे पर्याय मी ठेवले होते. 'नको' म्हटले की तो भाग दिसेनासा होई. पण दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. लपवलेला छज्जा खिडकीची रुंदी बदलली की मुकाट्याने आपली रुंदी बदलत असे. प्रत्येक खिडकी न वापरलेले दोन-तीन पर्याय पोटात घेऊन बसली होती.

चौथी चूक साखळीची. ग्रिलचे माप ग्रॅनाइटवरून, ग्रॅनाइटचे चौकटीवरून, चौकटीचे भिंतीच्या जाडीवरून. त्यामुळे सिल बदलली की आधी सूत्रे, मग संदर्भपातळ्या, मग घन आकार, मग भिंतीला पडणारे भोक, मग भिंतीचा शेजारच्या भिंतीशी सांधा, मग प्रत्येक उघडा नकाशा, मग खिडक्यांचा तक्ता, असा प्रवास सुरू होई. घन आकारातून घन आकार वजा करणे हे मुळातच खर्चिक गणित आहे, आणि इथे ते प्रत्येक खिडकीपाशी नव्याने करावे लागे.

यावर नेहमीचा सल्ला असतो : जास्त कोअरचा प्रोसेसर घ्या. तो फारसा उपयोगी का पडत नाही, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. कामाचा जो भाग एकामागून एकच करता येतो, तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. कामगार कितीही वाढवा. भाकरी थापल्याशिवाय भाजता येत नाही, मग घरात चुली चार असोत की चाळीस. तीनशे खिडक्या एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असत्या तर त्या वेगवेगळ्या चुलींवर वाटून देता आल्या असत्या. पण एका भिंतीतल्या आठ खिडक्या त्या एकाच भिंतीला आठ ठिकाणी कापतात. त्यांचे काम सहजासहजी वाटता येत नाही. आणि २००५ च्या आसपासपासून प्रोसेसरच्या एका कोअरचा घड्याळी वेग पूर्वीसारखा झपाट्याने वाढलेला नाही. वाढत गेली ती मुख्यतः कोअरची संख्या. नवे यंत्र घेतले की दर दोन वर्षांनी आपोआप वेग मिळतो, हा जुना अनुभव म्हणून आता कामी येत नाही.

पत्र आणि त्याचे अर्धे सत्य

जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही नामांकित वास्तुरचना संस्थांनी ऑटोडेस्कला एक खुले पत्र लिहिले. झाहा हदीद आर्किटेक्ट्स आणि ग्रिमशॉ यांच्यासारखी नावे त्यात होती. किंमत वाढत गेली, पण त्या मानाने रेव्हिटचा विकास झाला नाही आणि आजच्या बहु-कोअर यंत्रांचा ते पुरेसा लाभ घेत नाही, असा त्याचा आशय होता. वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन बोलणे आवश्यक होते. जे सॉफ्टवेअर सगळा व्यवसाय व्यापून बसले आहे, त्याच्या पायाची जबाबदारी बनवणाऱ्यावरच असते.

तरीही हे अर्धे सत्य आहे असे मला वाटते. पाया बदलला तरी ४,२०० गज ४,२०० च राहतात. वेगवान यंत्र आले की आपण आणखी तपशील भरतो, हे मी स्वतःच्या कार्यालयात पाहिले आहे. त्यात भर उत्पादकांची. नळ, कुलपे, वातानुकूलन यंत्रे बनवणारे आपापले घटक फुकट देतात. उत्पादकासाठी घटक म्हणजे कॅटलॉग. वस्तू हुबेहूब दिसावी, सगळी मॉडेल एकाच घटकात असावीत, स्क्रूचे आटेही असावेत, यात त्याचे हित आहे. त्याची किंमत मात्र तो घटक दोनशे ठिकाणी मांडणाऱ्याने मोजायची.

याच्या शेजारी दुसरी परंपरा ठेवून पाहण्यासारखी आहे. गाबोर बोयार यांनी १९८२ मध्ये बुडापेस्टमध्ये सहकाऱ्यासह सुरू केलेल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीच्या आर्किकॅडमध्ये घटक लिहिण्यासाठी जीडीएल नावाची भाषा आहे. तिथे घटक म्हणजे अक्षरशः मजकूर असतो. 'छज्जा असेल तर' अशी अट घातली आणि ती खोटी ठरली, तर पुढच्या ओळी चालवल्याच जात नाहीत. न वापरलेला छज्जा तिथे खरोखर नसतो. सपाट नकाशासाठी वेगळा मजकूर लिहिता येतो : इथे फक्त तीन रेषा काढ. अर्थात तिथेही आळसाला वाट आहेच. घन आकारावरून सपाट चित्र आपोआप काढणारी एक आज्ञा आहे. तिने लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात, पण नकाशा पुन्हा काढताना दर वेळी घन आकाराचा हिशोब करावा लागतो आणि काम मंदावते.

मला या परंपरेचे गोडवे गायचे नाहीत. जीडीएल लिहू शकणारे वास्तुरचनाकार थोडे आहेत, आणि चित्र काढता काढता घटक घडवता येणे ही रेव्हिटची मोठी देणगी आहे. पण लिहावे लागते तेव्हा प्रत्येक ओळ हा निर्णय आहे हे जाणवते. काढता येते तेव्हा ते जाणवत नाही. ही उणीव भरून निघू शकते. डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये आणलेल्या ग्रासहॉपरमध्ये प्रत्येक घटकाने हिशोबाला किती मिलिसेकंद घेतले, ते त्याच्याखाली दाखवण्याची सोय आहे. कर्त्याला आपल्या प्रत्येक निर्णयाची किंमत तिथल्या तिथे दिसते. माझ्या खिडकीच्या खाली असा आकडा उमटत असता, तर गज काढताना माझा हात थांबला असता.

खण

विद्यार्थी असताना आम्ही पुण्यातला एक वाडा मोजला होता. त्या घराचे वर्णन करायला एक शब्द पुरत असे : खण. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. माजघर इतक्या खणांचे, ओसरी तितक्या खणांची. एवढे सांगितले की खांब कुठे येणार, कडीपाट कसा बसणार, दारे-खिडक्यांना जागा कुठे उरणार, हे सुताराला उमगे. खण लाकडाच्या लांबीवरून आणि ताकदीवरून ठरलेला असे. हीही पॅरामेट्रिक रचनाच होती, फक्त तिच्यात बदलायची गोष्ट एकच होती आणि ती कोणती हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या पद्धतीने आजचे वसतिगृह बांधता येणार नाही. पण काय बदलायचे हे आधी ठरवून बाकीचे स्थिर ठेवणे, हे तिच्यातले शहाणपण लाकडापुरते नव्हते.

म्हणून घटक पारखताना मी आता चार प्रश्न विचारतो. यातले कोणते माप या कामात खरोखर बदलणार आहे? ते प्रत्येक प्रतीत बदलणार की प्रकारागणिक? हा तपशील ज्या प्रमाणाच्या नकाशावर जाणार, तिथे दिसणार आहे का? आणि जे मोजायचे आहे ते काढलेच पाहिजे का? गजांचा तक्ता लोहारासाठी हवा असतो, त्याला संख्या आणि लांबी लागते. ती एका सूत्राने निघते. त्यासाठी गज घडवावे लागत नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. असे आधीच ठरवून टाकले तर संकल्पनेचे स्वातंत्र्य जाईल. उद्या सहावी रुंदी लागली तर? लागली तर सहावा प्रकार करावा, त्याला दोन मिनिटे लागतात. स्वातंत्र्य मापांच्या संख्येवर मोजायचे नसते. माझ्या खिडकीत सगळेच बदलता येत होते, म्हणूनच रात्री बारा वाजता काहीच बदलता आले नाही. संथ घटक वापरणारी माणसे हळूहळू बदल सुचवणेच सोडतात, आणि हे नुकसान कोणत्याही हिशोबात येत नाही. आधी ती बदल टाळतात, मग त्या टाळण्याला 'आता नकाशे पक्के झाले' असे नाव देतात. त्या मुलीने पुढच्या दोन कामांत मला सिलबद्दल काही विचारले नाही. मी ते तेव्हा समजूतदारपणाचे लक्षण मानले होते.

गेल्या वर्षी मी ती खिडकी पुन्हा केली. पाच प्रकार, रुंदी आणि उंची प्रकारागणिक, सिल कामाला एकच. छज्जा बाहेर काढून त्याचा वेगळा घटक केला, म्हणजे हवा असेल तिथेच तो मांडायचा. ग्रिलच्या जागी एक सपाट पृष्ठ आणि त्यावर उभ्या रेषांची नक्षी. गजांची संख्या हा नुसता एक आकडा, तो तक्त्यात जातो. मग जुने मॉडेल उघडून सगळ्या खिडक्या बदलल्या आणि सिल ६०० केली. चक्र फिरले आणि काही सेकंदांत थांबले. एकही ग्रिल चौकटीबाहेर गेले नव्हते.

त्या मॉडेलमध्ये आता सिल ६०० वर आहे. वसतिगृहात ती ९०० वरच आहे, आणि पलंगांखालच्या विटाही.